आधी वरचा माणूस, मग बुडी

पोरा, तुझं सामान सगळं उघडून पाहिलं. बंदूक, लांब फिन्स, मास्क, शिशाचा पट्टा. चांगल्या प्रतीचं आहे, जपून वापरलंस तर वर्षानुवर्षं टिकेल. पण तू खाली असताना वर कोण असणार, हे अजून तुझं ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत पिशवीची चेन उघडू नकोस. मी पुढे जे सांगणार आहे, ते तुझ्याइतकंच त्या वरच्या माणसासाठी आहे.

आपल्या मढ गावात दम धरून खाली जाणं हा कधी शौक नव्हता. ते होडीवरचं काम आहे. पंख्यात दोर गेला, वाहून आलेली कुणाची तरी फाटकी जाळी शाफ्टला वेढली, नांगर खडपात अडकला, की एकजण चाकू घेऊन उतरतो. टाकी नाही, नळी नाही. छातीत मावेल तेवढा वारा आणि वर उभे असलेले खलाशी. माझी उमर त्यात गेली. जपानच्या आमा बाया शंख-शिंपल्यांसाठी अशाच दम धरून जातात. त्यांच्यात ज्या खोल पाण्यात उतरायच्या, त्यांच्या कमरेचा दोर बहुधा होडीतल्या नवऱ्याच्या हातात असायचा आणि बायकोला वर ओढून घेणं हे त्याचं काम. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बाया गटाने जातात. त्यांच्या या रीतीला २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. पिढ्यान्‌पिढ्या दमावर पोट भरणाऱ्या बायांनी जी सोबत सोडली नाही, ती तू चार व्हिडिओ बघून सोडू नकोस.

कारण नीट समजून घे. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपत आला म्हणून नव्हे, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. बुडीआधी भात्यासारखा भराभर श्वास ओढणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटतं जास्त वारा भरला. प्राणवायू त्याने फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा निघून जातो. मग श्वासाची ओढ उशिरा लागते आणि ती लागायच्या आत प्राणवायू संपतो. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, त्या दाबामुळे उरलासुरला प्राणवायूही मेंदूला पुरतो. वर येताना दाब भराभर उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी कधी डोकं पाण्याबाहेर आल्यावरही, माणसाची शुद्ध जाते. धाप लागत नाही, ओरडता येत नाही, हातपाय मारायलाही वेळ मिळत नाही. यात पट्टीचे पोहणारेही जातात. नवख्याला भीती लवकर वर आणते, मुरलेल्याला ती आणत नाही.

म्हणून बुडीआधी दोन-तीन मिनिटं पालथा पडून तरंगत राहा, रोजच्यासारखा संथ श्वास चालू दे, शेवटचा एक पोटापासून भर आणि जा. खाली जाताना स्नॉर्केल तोंडातून काढून टाक. वर आल्यावर सगळा वारा एकदम सोडायचा नाही. थोडा सोडायचा, झटकन भरायचा, क्षणभर धरायचा, असं तीन-चार वेळा. जितका वेळ खाली होतास त्याच्या निदान दुप्पट वेळ वर काढ. खोल गेला असलास तर त्याहून जास्त. आणि सोबत्याला बजावून ठेव: तू वर येऊन हात दाखवलास, 'ठीक आहे' म्हणालास, तरी त्याने पुढचा अर्धा मिनिट तुझ्या तोंडावरची नजर काढायची नाही. त्यानंतर त्याची पाळी. एकाच वेळी दोघे खाली गेलात तर वर कोणीच उरत नाही.

त्याने पाहायचं काय? ओठ निळे पडतात, मान लटकते, हात थरथरतात, डोळे उघडे असून त्यात ओळख नसते. असं दिसलं की तोंड पाण्याच्या वर धरायचं, मास्क काढायचा, गालावर थोपटायचं, डोळ्यांवर फुंकर मारायची आणि नावाने हाक मारून 'श्वास घे' म्हणायचं. पुष्कळदा तेवढ्यानेच माणूस परत येतो. नाही आला तर तिथेच, पाण्यातच, तोंडाला तोंड लावून दोन श्वास द्यायचे आणि होडी गाठायची. होडीवर श्वास नसेल तर आधी पुन्हा दोन श्वास, मग छातीच्या मध्यावर तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दवाखान्याची माणसं येईपर्यंत. आपल्याकडे बुडालेल्याला उलटं टांगतात, पोट दाबून पाणी काढायला बघतात. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत शिरतं. धक्क्यावर कुणी तसं करायला धावला तर मोठ्याने हटकायचं, समोर वडीलधारा असला तरी. आणि शुद्ध गेलेला माणूस पुढे हसत-बोलत बसला तरी त्याला त्या दिवशी डॉक्टरला दाखवायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

आता सामान. पोहायचे गॉगल खोल पाण्यात चालत नाहीत. नाक बाहेर राहतं, आतला दाब सारखा करता येत नाही आणि डोळे रक्ताळतात. मास्क नाकावरून असला पाहिजे, खाली जाताना त्यात नाकाने थोडी फुंकर सोडत जा. कान डोकं बुडाल्याबरोबर उघडायला लाग, दुखायची वाट बघू नकोस. सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो, तिथे छातीतला वारा निम्म्या जागेत दाबला जातो. कान उघडला नाही तर वर ये. जोर लावून उघडलेला कान फाटतो. पडदा फाटून गार पाणी आत गेलं की सगळं गरगरतं, वर कुठे नि खाली कुठे कळत नाही. अशा वेळी पोहायचं नाही. दोर असेल तो घट्ट धर, थोड्या वेळाने गरगर थांबते, मग दोराने वर ये. सर्दी असेल त्या दिवशी होडीतच बस. फाटलेल्या कानात तेल घालायचं नाही, घरातल्या बायांना हे आधीच सांगून ठेव, कारण त्या मायेने घालतील.

शिशाचा पट्टा रबरी घेतलास ते बरं केलंस. वजन किती? पाण्यात उभा राहा, पूर्ण श्वास सोड. तरीही डोकं वर राहिलं पाहिजे. अंगात रबरी सूट असेल तर तो दहा मीटरवर दाबून पातळ होतो आणि वर जड न वाटलेलं शिसं खाली खेचायला लागतं. बक्कल एका हाताने, डोळे मिटून, झटक्यात सुटलं पाहिजे, आणि तुझ्या सोबत्यालाही ते सोडता आलं पाहिजे. पट्ट्यावर दुसरं काही बांधू नकोस, तो खाली पडताना अडकेल. जीव घाबरला की पहिलं काम पट्टा टाकण्याचं. शिसं पुन्हा विकत मिळतं.

चाकू दोन. एक दंडावर, एक पोटरीवर, दोन्ही हातांना पोचतील असे. एक धारेचा, एक दात्यांचा, कारण नायलॉनचा दोर धारेने घसरतो आणि दात्यांनी तुटतो. आपल्या समुद्रात वाऱ्यावर सोडलेली जाळी फिरत असतात. त्यात पाय गुंतला की झटके मारायचे नाहीत, प्रत्येक झटक्याला आणखी एक वेढा पडतो. थांबायचं, हाताने चाचपायचं, ताणलेला धागा आधी कापायचा. डोलीच्या जाळ्याच्या जवळपास तर फिरकूच नकोस. भरतीचं पाणी डोलीच्या तोंडात कसं ओढलं जातं ते तू वरून पाहिलं आहेस, खालून बघायची गरज नाही.

बंदुकीबद्दल माझं मत कडक आहे. मढच्या पाण्यात ती नको. मालाडच्या खाडीचा गाळ, भरती-ओहोटीचा जोर, शहराचं सांडपाणी, यांतून हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. बंदुकीचा गज त्याच्या कितीतरी पुढे जातो. समोर हेकरू आहे की माणसाचा पाय, हे जिथे कळत नाही तिथे चाप ओढायचा नाही. शिवाय मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर आपल्या किनाऱ्यावर लांबट पिशवी घेतलेल्या माणसाकडे लोक वळून बघतात. उगाच कुणाला पळापळ करायला लावू नकोस. बंदूक स्वच्छ पाण्यासाठी ठेव. दक्षिणेला गेलास तर तिथल्या गावकऱ्यांना आणि मत्स्यखात्याला विचारून उतर. मालवणचा किल्ल्याभोवतीचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे फक्त बघायला जा. जिथे परवानगी असेल तिथेही रबर पाण्यात उतरल्यावरच ताणायचं, होडीवर चढायच्या आधी सोडवायचं, टोकाला टोपी घालायची. खटक्यावर भरवसा ठेवून बंदूक कुणाच्या दिशेने वळवायची नाही. ज्या माशाची जात ओळखता आली नाही, तो मारायचा नाही.

तुला हात साफ करायचेच असतील तर इथे जे काम खरोखर लागतं ते शिक. पंखा सोडवायला उतरायचं असेल तर आधी इंजिन बंद, गिअर सोडलेला, आणि चावी उतरणाऱ्याच्या गळ्यात. खिशात नव्हे, गळ्यात, म्हणजे वरून सगळ्यांना दिसते. इंजिनापाशी एक खलाशी उभा, त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. कमरेला दोर, त्याचं टोक वरच्याच्या हातात. लाटेने होडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि खाली आपटतो. तळाखाली डोकं न्यायचंच नाही. एक हात सतत वर, तळव्याने होडीचा तळ चाचपत. तो हात सांगतो होडी खाली येते आहे की वर जाते आहे. दुसऱ्या हाताने काम. दोर शाफ्टवर ज्या बाजूने गुंडाळला गेला, त्याच्या उलट बाजूने पंखा हाताने फिरवून बघ, कधी कधी निम्मा वेढा तसाच सुटतो. उरलेला कापायचा तो स्वतःपासून लांबच्या बाजूला. फिरत्या शाफ्टवर घासून झालेल्या उष्णतेने नायलॉन वितळून दगडासारखा झालेला असतो, तो एका दमात कापला जात नाही. दोन-चार काप, वर, विसावा, पुन्हा खाली. वरचा माणूस दोर ओढून 'पुरे' म्हणाला की पुरे, वाद घालायचा नाही. त्याला तुझा वेळ दिसतो, तुला दिसत नाही.

पाणी कधी निवडायचं? उधाणाला कधीच नाही. भांगाचं पाणी निवड, जोर कमी, गाळ बसलेला. आपला जुना हिशेब लक्षात ठेव: तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पाणी भरतं. दशमीला साडेसातला. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून छापील कोष्टकाशी ताडून बघ. भांगाचा कमीत कमी जोर अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी असतो, म्हणून मी दशमीची सकाळ धरत आलो. पाणी भरून थबकतं ती वेळ छोटी असते, तेवढ्यातच काम उरकायचं. वेसाव्याची फेरी आणि मच्छीमार होड्या ज्या वाटेने जातात, त्या वाटेत बुडी मारायचीच नाही. इतर ठिकाणी भडक रंगाचा बोया दोराला बांधून सोबत ठेव आणि वर येताना एक हात डोक्यावर, नजर वर.

जखमांचं आता. यात मी जास्त वेळ घेईन, कारण समुद्रात लागलेल्याची सेवा तोच वरचा माणूस करणार असतो.

पाकट वाळूत अंग पुरून बसते. पाय उचलून टाकलास तर तिच्या पाठीवर पडेल. उथळ पाण्यात पाय घासत चाल, ती बाजूला होते. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाला गेलेल्या कितीतरी लोकांना पाकटींनी काटे मारले ते आठवतं ना? तिच्या शेपटीच्या काट्याला उलटे दाते असतात आणि विष असतं. ते विष उष्णतेने निकामी होतं. जखम धुवायची, रक्त दाबून थांबवायचं आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा, चाळीस ते पंचेचाळीस अंश. होडीवर भाताचा स्टोव्ह असतोच, त्यावर पाणी तापव. पाण्याचा अंदाज घ्यायचा तो दुसऱ्याच्या हाताने किंवा न दुखणाऱ्या पायाने, कारण विष चढलेल्या पायाला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. अर्धा ते दीड तास, पाणी निवलं की बदलत राहायचं. कळ उतरली तरी दवाखाना टळत नाही, आत काट्याचा तुकडा राहतो. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो ओढायचा नाही, आजूबाजूला कापड दाबून तसाच न्यायचा. ऑस्ट्रेलियातला प्राण्यांचा जाणकार स्टीव्ह अर्विन २००६ साली छातीत काटा घुसूनच गेला. शिंगाळ्याचा काटा लागला तरी हाच गरम पाण्याचा उपाय. जाळ्यातून शिंगाळा सोडवताना पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे दोन काटे आधी मोडतात, ते तू लहानपणापासून बघतोस.

पावसाळ्यात निळ्या बाटल्या, म्हणजे जेलीफिशसारखे लांब धाग्यांचे जीव, किनाऱ्याला लागतात. त्यांचे धागे चिकटले तर वाळूने चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवून, हातमोजा किंवा चिमटा घेऊन धागे काढायचे, मग गरम पाणी. व्हिनेगर सगळ्या जातींना लागू पडत नाही, जात ओळखता येत नसेल तर ते नकोच. श्वास अडकायला लागला, अंगभर गांधी उठल्या की थेट दवाखाना.

समुद्रसाप जाळ्यात येतो तेव्हा मेलेला वाटतो. त्याला हाताने उचलायचं नाही. त्याचा दंश दुखत नाही, म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. काही तासांत अंग ठणकतं, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते. आपल्याकडे सर्रास मिळणारं सर्पविषाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार जमिनीवरच्या सापांसाठी आहे, समुद्रसापासाठी नाही. म्हणून वाट बघत बसणं परवडत नाही. माणसाला झोपवून ठेव, चालू देऊ नकोस, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नकोस, आणि मोठ्या इस्पितळात ने, जिथे श्वासाचं यंत्र आहे. करकचून दोर आवळायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही.

पंख्याने किंवा चाकूने कापलं तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून अंगाचा भार देऊन दाबायचं. सारखं उचलून बघायचं नाही. हाता-पायातून रक्ताची धार थांबतच नसेल, जीवावर आलं असेल, तरच वरच्या बाजूला रुंद पट्ट्याने आवळायचं आणि वेळ लिहून ठेवायची. हळद, कॉफी, तंबाखू यातलं काही भरायचं नाही. बंदुकीचा गज किंवा गळ रुतला तर ओढून काढायचा नाही, त्याची दाती मांस घेऊन येते. बाहेरची काठी कापून उरलेलं बांधून न्यायचं.

कालवांनी पाय कापला तर त्याला कुणी जखम म्हणत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. खाडीच्या पाण्यातले जंतू दोन दिवसांत पाय सुजवतात. गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन चालू आहे का बघायचं. ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याचं लिव्हर दारूने गेलं आहे, त्याने लाली वर चढायला लागली की सकाळची वाट बघू नये. आपल्या वस्तीत असे पुष्कळ आहेत, सोबती निवडताना हेही विचारून घे.

होडीवर एक घट्ट झाकणाचा डबा ठेव. त्यात रुंद पट्ट्या, कापूस नव्हे तर जाळीचे कापडी तुकडे, साबण, चिमटा, हातमोजे, तापमापी, पेन. झाकणावर आतून नंबर लिही: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, रुग्णवाहिका १०८. वायरलेस असेल तर चॅनल १६. मढहून मार्वे रस्त्याने मालाडला जाताना किती वेळ जातो ते तुला ठाऊक आहे. आपण पाण्यात असू तर होडी सरळ वेसाव्याला लावायची, तिथून जुहूचं कूपर इस्पितळ जवळ पडतं. वेसाव्याच्या धक्क्यावर कुणाला फोन करून रिक्षा उभी करायची, ते नाव आजच ठरवून डब्यावर लिहून ठेव.

आणखी एक. पंख्यात किंवा जाळ्यात कासव, देवमाशाचं पिल्लू असं काही सापडलं तर जाळं कापून सोड. २०१८ च्या डिसेंबरपासून सरकार कापलेल्या जाळ्याची पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, त्याला फोटो लागतात, म्हणून वरच्या माणसाकडे मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत असू दे.

येत्या दशमीला सकाळी सात वाजता धक्क्यावर ये. बंदूक घरी. पट्टा, मास्क आणि दोन्ही चाकू आण, आणि तुझ्या त्या सोबत्याला आण. पहिल्या दिवशी मी त्यालाच शिकवणार आहे, तू होडीच्या बाजूला दोर धरून तरंगत राहा आणि बेशुद्ध पडल्याचं सोंग कर. त्याने तुला तीनदा नीट वर काढलं, की मग तू खाली जा.